थेंबाचा हिशेब

सकाळी ६:१५

दसरा झाला की दोंडाईच्याच्या हवेत दोन वास मिसळतात. मार्केट यार्डाकडून येणारा मिरचीचा वास नाकाला झोंबतो आणि गल्लीगल्लीतून ओल्या पुट्टीचा गार वास येतो. रोज उजाडताना मी अमरावती नदीच्या पुलापर्यंत चालत जातो. जाता-येता कोणाच्या घराला शिडी लागली, कोणाच्या ओट्यावर रिकाम्या बादल्या उपड्या पडल्यात, हे डोळे आपोआप टिपतात. तीस वर्षं रंगाच्या दुकानात काढलेल्या माणसाला गाव असंच दिसतं.

खानदेशात घर रंगवायचे हंगाम दोन. श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. कानबाईला बाहेर पाऊस असतो, म्हणून आतल्या भिंती होतात. दिवाळीला कापसाचे आणि मिरचीचे पहिले पैसे हातात आलेले असतात, त्यामुळे बाहेरची भिंत, दार, गेट यांचा नंबर लागतो. पण घर एका दमात रंगवणारे थोडे. यंदा ओसरी, पुढच्या वर्षी माजघर, त्याच्या पुढच्या वर्षी जिना, असं बहुतेकांचं चालतं. माझं दुकान या माणसांवर चालतं आणि आजचा दिवस मी त्यांच्यासाठीच लिहून ठेवतोय.

रंगाला आकडा लावायची गोष्ट आमच्या गावाला नवी नाही. पथारीवर वाळणारी मिरची व्यापारी मुठीत धरून उन्हात बघतो, तसंच मोठा खरेदीदार प्रयोगशाळेत तिचा रंग मोजून घेतो. मिरचीचा अर्क ॲसिटोनमध्ये काढतात, त्यातून ४६० नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात आणि तो किती अडला त्यावरून ‘अस्टा’ नावाचा आकडा काढतात. डोळा आणि आकडा दोन्ही लागतात, हे मिरचीच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. रंगाच्या धंद्यात आम्हाला ते उशिरा कळलं.

सकाळी ७:४५

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दहा बाय अठरा फुटांचा गाळा. शटर वर केलं की उदबत्तीच्या आधी टिंटिंग मशीन चालू करतो. त्याच्या पोटात रंगद्रव्याचे डबे असतात, आम्ही त्यांना कलरंट म्हणतो. यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, काळा, फॅथलो निळा, फॅथलो हिरवा, मॅजेंटा आणि बाकीचे. रात्रभरात रंगद्रव्य तळाला बसतं, म्हणून आधी आतले पंखे फिरवून ते ढवळायचं. मग प्रत्येक नळीच्या तोंडाशी सुकलेली साय ओल्या फडक्याने पुसायची आणि कपात थोडं थोडं सोडून द्यायचं. या सोडण्याला आमच्यात पर्ज म्हणतात. कपात गेलेला कलरंट परत मिळत नाही, म्हणून पुष्कळ दुकानदार पर्ज टाळतात. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांकडे जातो आणि हवा कोरडी असते. एका दुपारीत नळीचं तोंड चिंचोळं होतं. वाचवलेल्या त्या कपाची किंमत मग गिऱ्हाइकाची भिंत मोजते.

पर्जनंतर वजन. मशीनला दहा मिली यलो ऑक्साइड सोडायला सांगतो, खाली तराजूवर कप. वजनाला कलरंटच्या घनतेने भागलं की किती मिली आलं ते कळतं. ऑक्साइड जड असतं, फॅथलो निळा त्याच्या मानाने हलका, म्हणून प्रत्येकाची घनता भिंतीवर लिहून ठेवली आहे. तराजू तीन किलोचा, दशांश ग्रॅम दाखवणारा, हजार-पंधराशे रुपयांत येतो. माझ्या मते दुकानातलं सगळ्यात मोलाचं यंत्र तेच.

आज सगळे आकडे बरोबर आले. निदान मला तसं वाटलं.

सकाळी ९:००

पेंटर लोकांची वेळ. वीसची बादली, दहाची बादली, प्रायमर, पुट्टीची गोणी, घासपेपर, चार इंची ब्रश. बादलीचं झाकण उघडलं की आतल्या कुपनवर पेंटरचं लक्ष, मोबाइलने ते स्कॅन झालं की त्याच्या खात्यात पैसे. यात मला काही वावगं दिसत नाही. त्याची मजुरी उन्हातान्हातली आहे.

मोठ्या बादलीचं काम मशीनवर सोपं. कोड टाकायचा, बेस ठेवायचा, झाकणाला भोक पाडायचं, बटण दाबायचं. बेस म्हणजे रंग न घातलेला पेंट. फिकट शेडला पांढऱ्याने भरलेला बेस, गडद शेडला जवळजवळ पांढरा नसलेला. बेसचा डबा मुद्दाम काठापर्यंत भरलेला नसतो, कलरंटला जागा ठेवलेली असते. कलरंट पडला की डबा जायरोमध्ये अडकवायचा. तो दोन्ही अंगांनी गोल फिरतो आणि दोन-तीन मिनिटांत रंग एकजीव होतो.

या पद्धतीने लहान दुकानदाराला जगवलं, हे मी मनापासून मानतो. शेड बुकात दीड-दोन हजार रंग असतात. प्रत्येकाचे चार मापांचे डबे ठेवायचे म्हटले तर गोदाम लागेल आणि सावकारही लागेल. पाच प्रकारचे बेस, चार मापं, म्हणजे वीस तऱ्हेचे डबे आणि वर कलरंट, एवढ्या मालावर मी तेच दीड-दोन हजार रंग देतो. पूर्वी आमचे पैसे न खपलेल्या डब्यांत सुकायचे. आता त्याच पैशातून मी दोन महिन्यांची उधारी सोसतो.

सकाळी १०:३०

मालपूरहून एक आप्पा आले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी.

“भाऊ, एकच लिटर पाह्यजे माले. देवघरनी एक भितले लावाना शे. गयी दिवाळीले लेयेल व्हता, तोच रंग दे.”

“शे ना आप्पा, वहीमा शे. बसा.”

कॉम्प्युटरमध्ये नोंद आहेच, पण मी एक वेगळी वहीसुद्धा ठेवतो. एक लिटर घेणाऱ्या प्रत्येकाच्या रंगाचं बोट कागदावर लावायचं, सुकल्यावर तो तुकडा चिकटवायचा आणि खाली गाव, जागा, तारीख. गेल्या वर्षीच्या पानावर आप्पांचा तुकडा होता. शेणाने सारवलेल्या ओट्यावर सकाळचं ऊन पडल्यावर दिसतो तसा मळकट पिवळा.

एक लिटरचा डबा मशीनखाली ठेवला. सूत्र साधं, दोनच कलरंट. यलो ऑक्साइड १.२ मिली, काळा ०.१५ मिली. जायरोतून काढून झाकणावर बोट लावलं, ड्रायरने वाळवलं आणि वहीतल्या तुकड्याशेजारी धरून बाहेर उन्हात गेलो.

नवा रंग धुरकट होता. थोडासाच. पेंटरने हरकत घेतली नसती, कदाचित आप्पांनीही घेतली नसती. पण देवघराच्या तीन भिंती गेल्या वर्षीच्या आणि चौथी यंदाची असणार होती. कोपऱ्यात दोन रंग भेटले की डोळा फसत नाही.

आप्पांना म्हटलं, “आप्पा, बाजार करून या. चार वाजेलोंग डबा तयार ठेवतो.” ते काही न विचारता उठले. त्यांच्या त्या न विचारण्याचं ओझं दिवसभर माझ्यावर राहिलं.

सकाळी ११:१५

चूक शोधली. सकाळी काळा दहा मिली सोडून तपासला होता आणि तो बरोबर आला होता. आता मशीनला सांगितलं, ०.१५ मिलीचे दहा डोस एकामागून एक सोड. एकूण दीड मिली यायला हवा होता, वजनावरून जवळजवळ दोन मिली भरला. नळीच्या तोंडाशी सुकलेली कड राहिली होती आणि प्रत्येक डोसमागे जास्तीचा थेंबाचा अंश तिला लटकून खाली पडत होता. दहा मिलीत हा अंश हरवून जातो. ०.१५ मिलीत तो एक तृतीयांश होतो.

वर्षानुवर्षं मला सांगायची असलेली गोष्ट ही. वीस लिटरच्या बादलीत याच शेडला काळा तीन मिली लागतो. मशीन तेवढंच चुकलं तरी त्या बादलीला पत्ता लागत नाही. एक लिटरच्या डब्यात तीच चूक रंग बदलून टाकते. म्हणजे बंगलेवाल्याला जाडंभरडं यंत्र पुरतं आणि देवघराची एक भिंत रंगवणाऱ्याला सगळ्यात बारीक यंत्र लागतं. बाजारात मात्र बारीक यंत्र मोठ्या दुकानात जातं आणि जाडंभरडं आमच्याकडे येतं.

माझं पहिलं मशीन हाताचं होतं, जुनं घेतलेलं. दट्ट्या ओढायचा, खुणेवर अडकवायचा, दाबायचा. त्याच्या खुणा औंसाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या, म्हणजे सुमारे ०.६ मिलीच्या, आणि सगळ्यात लहान खूण त्याच्या अर्ध्याची, ०.३ मिलीची. ०.१५ मिली काळा त्यावर मोजताच यायचा नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायचो, “ही शेड एक लिटरमध्ये होत नाही, चारचा डबा घ्या.” चार लिटरला ०.६ मिली लागायचा आणि खूण बरोबर बसायची. मशीनच्या जाडेपणाची किंमत तीन लिटर जास्तीचा रंग घेऊन गिऱ्हाईक मोजत होतं. मी खोटं बोलत नव्हतो, पण त्या वाक्याची मला आजही टोचणी आहे.

बिघडलेला डबा वरच्या फळीवर ठेवला. तिथे असे डबे जमतात आणि उन्हाळ्यात एखाद्या गोठ्याला किंवा कुंपणाच्या भिंतीला निम्म्या किमतीत जातात. नळी कोमट पाण्याने धुतली.

दुपारी १२:००

एक ताई पदराच्या टोकात बांधून भिंतीचा पोपडा घेऊन आल्या. “याच्यासारखाच द्या.” कोड नाही, कंपनीही माहीत नाही.

मोठ्या दुकानात यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशात दर दहा नॅनोमीटरला वस्तू किती प्रकाश परत फेकते ते तो मोजतो, म्हणजे एका रंगाचे ३१ आकडे. त्या आकड्यांवरून कोणता कलरंट किती घालायचा हे गणिताने काढतात. त्या गणिताचा पाया पाउल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक या दोघांनी १९३१ साली घातला. रंगाच्या थरात शिरलेला प्रकाश किती शोषला जातो आणि किती विखुरला जातो, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी सगळं बांधलं. माझ्याकडे ते यंत्र नाही. माझ्याकडे शेड बुक आहे, दुकानासमोरचा ओटा आहे आणि बारा वाजताचा उजेड आहे.

ताईंना दोन पानं दाखवली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पहिलं पान तंतोतंत जुळलं. बाहेर ओट्यावर नेलं तर तेच हिरवट दिसलं आणि दुसरं जुळलं. दोन रंग वेगवेगळ्या कलरंटपासून झाले असतील, तर एका उजेडात ते सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. म्हणून मी आधी विचारतो, “ताई, या खोलीला खिडकी आहे का?” त्या म्हणाल्या, “खिडकी नाही, चोवीस तास ट्यूबलाइट.” मग पहिलंच पान बरोबर ठरलं. हा प्रश्न कॉम्प्युटर विचारत नाही.

दुपारी १:३०

डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. शटर अर्धं खाली.

जेवताना बापूंची आठवण येते. माझे वडील याच गाळ्यात गोणपाटावर ढीग लावून रंग विकायचे. चुना, पिवडी, काव, गेरू, नीळ. धाब्याच्या घरांना चुन्यात नीळ टाकून सफेदी द्यायचे आणि खाली कावेचा पट्टा ओढायचे. पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ जायचा. मग डिस्टेंपर आलं, ऑइल पेंट आला, डब्यावर आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, ब्रश घेतलेला गट्टू नावाचा पोरगा आला. स्टेनरच्या बाटल्या आल्या आणि बापू डोळ्याच्या अंदाजाने रंग करायला लागले. पांढऱ्या डब्यात फास्ट यलोचे चार थेंब, काळ्याचा एक, काठीने ढवळायचं, अंगठ्याच्या नखावर लावून बघायचं. त्यांचा हात इतका बसला होता की सावळदे, निमगुळ, विखरण अशा गावांचे पेंटर त्यांच्याकडेच यायचे.

पण तोच रंग दुसऱ्यांदा त्यांनाही करता येत नसे. ते स्वतःच पेंटरला बजावायचे, “जास्तीचा घे, पुन्हा हाऊ रंग व्हवाव नहीं.” त्यामुळे गावातल्या प्रत्येक माळ्यावर अर्धा-पाऊण लिटर सुकलेला रंग पडलेला असायचा. मशीन आल्यावर बापू काही दिवस गप्प होते. एके दिवशी पेंटर जुन्या कोडचा डबा घ्यायला आला आणि तोच रंग निघाला. बापूंनी झाकण उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “याले याद ऱ्हास.” याला आठवण राहते. त्यांच्या हाताला जे जमलं नाही तेवढंच त्यांनी मशीनमध्ये पाहिलं आणि मान्य केलं.

ढिगातल्या पिवडीपासून नळीतल्या कलरंटपर्यंतची वाट आपल्या महाराष्ट्रातूनही गेली आहे. पुण्यात १९५१ साली सुरू झालेल्या सुदर्शन केमिकलने रोह्याला आणि महाडला रंगद्रव्यं बनवली आणि जगभर विकली. फॅथलो निळ्याची कहाणी तर अपघाताची आहे. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात भांड्याचं काचेचं अस्तर तडकलं, आतला माल लोखंडाला लागला आणि न ठरवता निळा पदार्थ तयार झाला. त्यातूनच पुढे तांब्याचा फॅथलो निळा १९३५ साली बाजारात आला. तो इतका तिखट असतो की लिटरभर पांढऱ्यात एक थेंबसुद्धा आकाश करून टाकतो. थेंबाचा हिशेब चुकला की सगळ्यात आधी तोच दगा देतो.

पिवळ्याचीही एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगतो. जुन्या चकचकीत पिवळ्या ऑइल पेंटमध्ये शिशाचं रंगद्रव्य असायचं. आता घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. २०१६ चे नियम, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू. म्हणून जुना पिवळा दरवाजा घासताना कोरडा घासू नका, ओला घासा, आणि लहान मुलांना लांब ठेवा.

दुपारी ३:१०

आप्पांचा दुसरा डबा मशीनखाली होता. आधी तराजूवर ठेवून वजन लिहिलं होतं, ही माझी सवय. बटण दाबलं, यलो ऑक्साइड पडायला लागला आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरवर ट्यूब आणि कॉम्प्युटर चालतात, मशीनची मोटर चालत नाही. पडद्यावर ‘अपूर्ण’ एवढंच. किती पडला, काळा सुरू झाला की नाही, काहीच कळेना. दुसऱ्या एखाद्या दिवशी हा डबाही वरच्या फळीवर गेला असता.

डबा पुन्हा तराजूवर ठेवला. वजन २.२ ग्रॅमने वाढलं होतं. भिंतीवरच्या घनतेने भागलं तर यलो ऑक्साइड बरोबर १.२ मिली, म्हणजे पूर्ण. काळा अजून शिवलेला नव्हता.

मेडिकलमधून आणलेल्या एक मिलीच्या सिरिंज गल्ल्यात असतात. चहाच्या किमतीची वस्तू, पण तिच्यावर शंभर खुणा. सुई काढली, काळा ओढला, बुडबुडे वर काढले, टोक पुसलं आणि पंधरा खुणा डब्यात सोडल्या. रंगद्रव्य फार दाट असेल तर दुसरी युक्ती आहे. एक भाग काळा आणि नऊ भाग बेस नीट एकजीव करून वेगळ्या बाटलीत ठेवायचा आणि ०.१५ ऐवजी १.५ मिली घालायचा. मोजायचं माप दहापट मोठं झालं की चूक दहापट लहान होते. हाताचं मशीन असलेल्या प्रत्येक दुकानदाराने एवढं केलं, तर “एक लिटरमध्ये होत नाही” हे वाक्य गावातून जाईल.

लाइट चार वाजता आली. जायरो फिरला. झाकणावर बोट, ड्रायर, वही, ऊन. दोन तुकड्यांमधली रेघ दिसेना.

दुपारी ४:२०

आप्पा आले. डबा उघडून त्यांच्यापुढे वही धरली. त्यांनी चष्मा पुसला, गेल्या वर्षीचा तुकडा पाहिला, ओल्या रंगाचं बोट पाहिलं.

“ओला दिसस तो गडद शे, आप्पा. सुकना का असाच व्हई,” मी वाळवलेलं झाकण दाखवलं.

“हा, हाऊच,” ते म्हणाले. पैसे मोजून दिले, डबा पिशवीत उभा ठेवला, कडेने गमछा दाबून बसवला आणि एसटी पकडायला निघाले.

संध्याकाळी ५:००

पलीकडच्या गॅरेजवाला भाऊ आला. त्याची पद्धत मला आवडते. गाडीचा रंग करायला त्याच्याकडे मोठं मशीन नाही. गाडीवरच्या पट्टीवरून रंगाचा कोड वाचतो, मोबाइलवर सूत्र काढतो आणि तराजूवर डबा ठेवून एकेक रंग वजनाने ओततो. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. एखादा रंग जास्त पडलाच तर बाकी सगळे त्याच प्रमाणात वाढवून घेतो.

आमच्या घरगुती रंगात मापाची पद्धत रुळली, वजनाची नाही, कारण नळीला माप सोपं आणि वेगवान पडतं. पण लहान धंद्याला वेग कुठे हवा असतो? माझ्याकडे तासाला चार डबे होतात. तराजू फसवत नाही, नळी सुकली तरी खरं सांगतो आणि लाइट गेली तरी सेलवर चालतो. वेल्डिंगवाले, ट्रॉली बनवणारे, पाट्या रंगवणारे, फर्निचरवाले या सगळ्यांना रंग स्वतः बनवायचा असेल तर सुरुवात तराजूपासून करा, असं मी सांगतो.

संध्याकाळी ७:००

भाचा आला. शिरपूरला इंजिनिअरिंग करतो, सुट्टीला घरी. त्याच्या हातात लाकडी फळीवर बसवलेलं काहीतरी होतं. दहा मिलीची सिरिंज, तिच्या दट्ट्याला आट्यांची सळी, सळीला छोटी स्टेपर मोटर, बाजूला सर्किट.

“मामा, हा स्क्रू एक वळसा फिरला की दट्ट्या ०.८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे ०.१६ मिलीच्या जवळ. आणि एका वळशाचे दोनशे टप्पे पडतात.”

मी हिशेब केला. आप्पांचा सगळा काळा या स्क्रूच्या एका वळशात मावत होता आणि त्या वळशाचेही दोनशे भाग करता येत होते.

आम्ही दोघं तासभर बसलो. पहिले वीस डोस पाण्याचे, मग काळ्याचे. पाणी छान आलं. काळ्याचा शेवटचा थेंब टोकाला लटकत राहिला, तेव्हा त्याने डोस सोडल्यावर मोटरला किंचित मागे फिरायला शिकवलं. थेंब आत ओढला गेला. दहा मिनिटं तसंच ठेवलं तर टोक सुकलं, म्हणून त्यावर ओल्या स्पंजची टोपी. ढवळायची सोय अजून नाही, आणि सिरिंजचं रबर महिन्याभराने कसं वागेल ते बघावं लागेल. हे काम एका रात्रीत होणारं नाही आणि तो तसं म्हणतही नाही.

त्याचा विचार सोळा कलरंटचं यंत्र बनवायचा होता. मी त्याला अडवलं. “सोळा नको. काळा, निळा आणि मॅजेंटा, एवढे तीनच कर.” यलो ऑक्साइडसारखे रंग मिलीमिलीने लागतात, ते हाताच्या जुन्या मशीनवरही नीट मोजता येतात. घोळ होतो तो चिमूटभर लागणाऱ्या तिखट रंगांचा. हाताच्या मशीनशेजारी तीन सिरिंजांची एवढीशी पेटी आणि खाली तराजू ठेवला, तर कोपऱ्यातलं सगळ्यात लहान दुकानही एक लिटरचा फिकट रंग बरोबर करू शकेल. तो थोडा वेळ फळीकडे बघत राहिला, मग वहीत तीन चौकोन काढले.

मोठ्या यंत्रांची वाटही आता मोकळी होते आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत बिर्ला ओपस हा रंगांचा ब्रँड बाजारात उतरला, तेव्हापासून लहान दुकानापर्यंत मशीन पोचवायची चुरस वाढली आहे आणि कमी जागेत बसणारी यंत्रं येत आहेत. त्याचा मला आनंद आहे. एकच अडचण उरते. ज्या कंपनीचं मशीन, तिचेच कलरंट आणि तिचीच सूत्रं. दहा बाय अठराच्या गाळ्यात दोन मशीन ठेवली की गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही. म्हणून भाच्याच्या फळीवरची पेटी मला मोलाची वाटते. ती कोणाचाही काळा सोडू शकते, आणि तिचं रबर झिजलं तर मी मेडिकलमधून नवी सिरिंज आणू शकतो.

रात्री ८:४५

गल्ला मोजला, उधारीची वही लिहिली. मशीनच्या नळ्यांखाली ओला स्पंज सरकवला. काळ्याची नळी दुसऱ्यांदा पुसली. भिंतीवर घनतेच्या आकड्यांखाली खडूने एक ओळ वाढवली : ‘रोज दहा मिली, आणि लहान डोस दहा.’

मग आप्पांचं पान उघडलं. आजचा तुकडा आता पुरता सुकला होता. गेल्या वर्षीच्या तुकड्याखाली तो चिकटवला. लिहिलं : मालपूर, देवघर, चौथी भिंत, १ लिटर, काळा सिरिंजने. त्याच्या खाली एका तुकड्याची जागा कोरी सोडली, पुढच्या दिवाळीसाठी.

शटर ओढलं तेव्हा यार्डाकडून मिरचीचा वास येत होता.